फॉर्मवर ब्याण्णव किलो

आमच्या ह्यांचा जगात कुणावर म्हणून विश्वास नाही. दूधवाल्यावर नाही, हवामान खात्यावर नाही, आणि मी 'भात झाला' म्हटलं तरी झाकण उचलून बघितल्याशिवाय पाटावर बसणार नाहीत. एसटीत सव्वीस वर्षं तिकीट तपासनीस होते. हुपरीची, गारगोटीची, पेठ वडगावची गाडी मध्येच हात करून थांबवायची, आत चढायचं आणि कोण कुठं बघतंय ते बघायचं, एवढंच काम. घरी आल्यावरही ते काम सुटायचं नाही. मीही काही साधी नव्हे. बत्तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत चौथीला शिकवलं. गृहपाठ कुणी स्वतः केलाय आणि कुणी ताईकडून लिहून घेतलाय, हे मला वही न उघडता कळायचं. असे दोन संशयी जीव मंगळवार पेठेतल्या तीन खोल्यांत छत्तीस वर्षं नांदतोय. लोकांना ह्याचं नवल वाटतं, मला वाटत नाही. दोघंही सारखेच असले की भांडण बरोबरीत सुटतं.

ह्यांचं नाव पिराजी चौगले. पेठेत अजून पिराजी पैलवान म्हणतात. एसटीतली नोकरी कुस्तीच्या जोरावरच लागलेली. ऐन उमेदीत ब्याण्णव किलोचा गडी होता. लग्नात हार घालायला मला दोन पाटांवर उभं केलं होतं, एवढं सांगितलं तरी पुरे. पैलवानाचं वजन म्हणजे त्याची अब्रू. जत्रेत कुस्ती पुकारायची तर गावाच्या नावाबरोबर वजन पुकारायचे, तेही वर चार किलो चढवून. आणि वजनगटाच्या स्पर्धेला उतरायचं असलं की उलटं. घोंगडं पांघरून पळायचं, दोन दिवस पाणी तोडायचं आणि काट्यावर हलकं होऊन उभं राहायचं. थोडक्यात काय, खरं वजन पैलवान कुणालाच सांगत नाही. बायकोला तर नाहीच नाही.

आमचा एकुलता एक सम्राट जर्मनीत म्युनिकला असतो, मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. लहानपणी ह्यांनी त्याला तालमीत घातलं होतं. दोन वर्षं पोरगं मातीत लोळलं, रडलं, आणि चौदाव्या वर्षी 'मला कुस्ती करायची नाही' म्हणून सरळ सांगून मोकळं झालं. त्यानंतर वर्षभर बापलेकात 'जेवलास का'च्या पुढं बोलणं नव्हतं. आता आठवड्याला व्हिडिओ कॉल होतो, पण हे 'तिकडं थंडी हाय का' एवढं विचारतात आणि फोन माझ्या हातात देतात.

तर यंदा गणपती गेले आणि आठवड्याच्या आत सम्राटनं मोबाइलवर एक फाइल पाठवली. नऊ पानांची. आमची सून निशिगंधा हिनं रंगीत रकाने पाडून केलेली. फेब्रुवारीत बारा दिवस आम्ही दोघांनी तिकडं यायचं. आधी ऑस्ट्रियातलं सांक्ट आन्टोन, मग स्वित्झर्लंडमधलं झरमॅट, शेवटी फ्रान्समधलं शामोनी. तिन्ही बर्फाच्या डोंगरातली गावं. तिथं स्की करायचं, म्हणजे पायाला लांब पट्ट्या अडकवून उतारावरून घसरत खाली यायचं. मी लगेच कळवून टाकलं, मी खाली हॉटेलात बसून कॉफी पिणार, मला घसरवायचं नाही. ह्यांनी चष्मा लावला. खाली जाऊन नऊ पानांची प्रत काढून आणली, लाल पेन घेतलं आणि खिडकीपाशी बसले.

दोन दिवस ती तपासणी चालली होती. तिसऱ्या दिवशी सम्राटला फोन लावला.

"तीन देश अन् व्हिसा एकच? मग मधल्या नाक्यावर तपासतंय कोण?"

"नाका नसतो आबा. एकच व्हिसा सगळीकडं चालतो."

"झरमॅटात मोटार न्यायला बंदी लिवलीया. मोटारच न्हाय तर माणूस अडकला की बाहेर पडायचा कसा?"

"रेल्वे आहे की."

"त्या रेल्वेचंच इचारतोय. सात मिनिटांत गाडी बदलायची म्हणतोस. आपल्या स्टँडवर सात मिनिटांत फलाट गावत न्हाय. अन् ह्ये काय, सकाळी स्वित्झर्लंडात घसरायला लागायचं अन् दुपारी इटलीत जेवायचं? तिकीट कुठल्या टप्प्याचं काढायचं?"

सम्राट हसला. मग पान सातवर गाडी थांबली. तिथं विमा होता, आणि त्यात हेलिकॉप्टरनं उचलून आणायचा खर्च धरला होता. ह्यांनी ती ओळ दोनदा अधोरेखित केली होती.

"हेलिकॉप्टर आधीच धरलंय. म्हंजे कोणतरी पडणार ह्ये त्यास्नी ठावं हाय."

"आबा, सगळेच पडतात. पडायचंच असतं आधी. पहिले तीन दिवस लहान उतारावर मी स्वतः शिकवणार तुम्हाला."

एवढं ऐकल्यावर ह्यांनी फोन माझ्याकडं दिला आणि चष्मा पुसत बसले.

मला तिथंच शंका आली. ज्या माणसाला कात्रजच्या सहलीतही काळंबेरं दिसलं होतं, तो माणूस नऊ पानांवर सव्वीस शंका काढतो आणि एकदाही 'जायाचं न्हाय' म्हणत नाही? उलट पासपोर्टचं काम पुढं होऊन केलं. लक्ष्मीपुरीतून बर्फाचा जाडजूड कोट आणला. विम्याच्या फॉर्मवर आजारांची लांबलचक यादी होती, तिच्यासमोर एका दमात 'नाही, नाही, नाही' अशा खुणा केल्या. मी म्हटलं, वाचा तरी. म्हणाले, "वाचायचं काय त्यात. ठणठणीत हाय."

त्यानंतर आला दुसरा फॉर्म. सांक्ट आन्टोनच्या ज्या दुकानातून बूट आणि पट्ट्या भाड्यानं घ्यायच्या, त्या दुकानाचा. उंची, वय, बुटाचा नंबर, वजन. वजनाची खात्री करून घेतली जाईल, असंही खाली छापलं होतं, तेही मी वाचून दाखवलं. हे सांगत होते आणि मी मोबाइलवर भरत होते.

"वजन?"

"ब्याण्णव."

"अहो, ब्याण्णव?"

"मग काय कमी झालंय व्हय?"

मी बोट तसंच धरून ह्यांच्याकडं बघितलं. शर्टाची कॉलर मानेपासून दोन बोटं सुटलेली. मनगटावरचं घड्याळ उलटं होऊन खाली लोंबत होतं. त्याच आठवड्यात ह्यांच्या खिशात शिंप्याची चिठ्ठी सापडली होती, तीन पँटी कमरेत आवळल्याची. छत्तीस वर्षं पँटी मी घरी आवळते आणि उसवते, आणि ह्या वेळी परस्पर शिंप्याकडं? तरी मी ब्याण्णव लिहिलं आणि फॉर्म पाठवून दिला.

संशय घ्यायला मी कमी पडले नाही, हे मात्र कबूल करायला पाहिजे. पहिला संशय कुठल्याही बायकोला येईल तोच. त्रेसष्टाव्या वर्षी माणूस गुपचूप बारीक होतो, नवे कपडे आणतो, सकाळी साडेपाचला दाढी करून बाहेर पडतो, म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? मग मनाशीच हसले, कारण ह्यांच्याशी तासभर बोलू शकेल अशी बाई कोल्हापुरात नाही. दुसरा संशय असा की बर्फातल्या फोटोत पोट दिसू नये म्हणून उपास चाललेत. पण चपात्या तर चार खात होते. तिसरा संशय सम्राटवर. म्हातारा-म्हातारीला फिरवायच्या निमित्तानं न्यायचं आणि तिकडंच ठेवून घ्यायचं, असा दोघा बापलेकांचा आतून बेत आहे, आणि म्हणून हे तयारीला लागलेत. हा संशय मी चांगला आठवडाभर पोसला आणि दोन दिवस निशिगंधाशी तुटक बोलले. तिचं बिचारीचं काय चुकलं होतं, देव जाणे.

शेवटी म्हटलं, उंटावरून शेळ्या हाकण्यात अर्थ नाही. हे रोज सकाळी तालमीत जातो म्हणून सांगतात, तर तालमीतच विचारावं. तालमीची देखभाल बाळासो करतात. ह्यांचे लहानपणापासूनचे जोडीदार. बायका उंबऱ्याच्या आत जात नाहीत, म्हणून मी पायरीपाशी उभी राहिले आणि त्यांना बाहेर बोलावलं.

"भावजी, हे व्यायाम जास्त करतात का हल्ली?"

बाळासोंनी अंगावरची माती झटकली. "वहिनी, पिराजी जूनपासनं तालमीत आल्याला न्हाय. रस्त्यावरनंच मारुतीला हात जोडतोय अन् रंकाळ्यावर जाऊन बसतोय."

"का?"

"ते मला इचारू नका. त्यानं मारुतीची आण घातलीया." मग माझा चेहरा बघून त्यांनाच राहवेना. "परवा मातर आलता. पोरं पायाला बांधत्यात ते वाळूचं पट्टं मागून न्हेलं. आठ पट्टं. बर्फावर चालायची तयारी करायची म्हणाला."

मी घरी आले आणि खरंच सांगते, मला हलकं वाटलं. तयारी चाललीय एवढंच ना. तालमीत पोरांसमोर लाज वाटत असेल म्हणून एकटेच करत असतील. माणसाला पटवून घ्यायचं असलं की काहीही पटतं.

रविवारी सम्राटचा फोन आला. हे समोरच होते.

"आबा, दुकानवाल्यानं विचारलंय, ब्याण्णव नक्की का? मलाही तुम्ही स्क्रीनवर बारीक दिसताय."

"तुझा मोबाइल बारीक दाखवतोय."

"मस्करी नाही आबा. नीट ऐका. बूट पट्टीला कुलपासारखा अडकतो. तुम्ही पडलात की ते कुलूप सुटलं पाहिजे, नाहीतर लांब पट्टी पायाला घेऊन मुरगळते. कुलूप किती घट्ट लावायचं ते वजन बघून ठरवतात. तुम्ही जास्त सांगितलंत तर ते सुटणारच नाही आणि गुडघा जाईल. तुमच्या वयात गेला तर गेला. आज काट्यावर उभं राहा आणि आईला फोटो पाठवायला सांगा."

"बरं," हे म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की मी हातातली भाजी खाली ठेवली.

आमच्या कोपऱ्यावर संयोगिताचं औषधांचं दुकान आहे. माझ्याच वर्गातली पोरगी, आता तिची मुलगी कॉलेजला जाते. दुकानात काचेचा काटा आहे, वर उभं राहिलं की आकडे उमटतात. दुपारचे बारा वाजले होते आणि ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजत होतं. हे आतल्या खोलीतून आले ते बर्फाचा कोट अंगात घालून, गळ्यापर्यंत चेन ओढून.

"हे काय सोंग?"

"घसरताना अंगात कोट असणारच की. मग कोटासकट वजन धराय पायजे. हिशेब साधा हाय."

वर वर बघितलं तर बरोबर होतं. चौथीतल्या पोराची खोटी सबबही वर वर बरोबरच असते. मी त्यांच्या मागून चालले. कोपऱ्यापर्यंत दोनशे पावलं. हे मध्ये दोनदा थांबले, एकदा विजेच्या खांबाला हात टेकून. कानामागून घाम गळत होता आणि प्रत्येक पावलाला कोटाच्या आत काहीतरी खसखसत होतं.

काट्यावर चढले. आकडे पळाले आणि थांबले. अठ्ठ्याऐंशी पूर्णांक चार.

"बघ," हे म्हणाले. "चार किलोचा फरक. पावसाळ्यात एवढं व्हतंयच. काढ फोटू."

मी मोबाइल वर धरला. स्क्रीनमध्ये काटा होता, ह्यांचे बूट होते, आणि कोटाच्या खालून लोंबणारं एका पट्ट्याचं काळं टोक होतं.

"अहो, चेन काढा."

"फोटू काढ म्हणतोय न्हवं."

मी काही ऐकलं नाही. पुढं झाले आणि चेन सर्रकन खाली ओढली. आत शर्टावरून, छातीपासून कमरेपर्यंत, ते आठही वाळूचे पट्टे एकाखाली एक आवळून बांधले होते. हे काट्यावरून उतरायला बघत होते. मी म्हटलं, "उतरायचं नाही. उभं राहायचं तिथंच." शाळेतला आवाज होता तो, बऱ्याच वर्षांनी निघाला. हे उभे राहिले.

मी एकेक पट्टा सोडायला लागले. एक सोडून फरशीवर ठेवला की आकडा दोन किलोंनी खाली यायचा. शहाऐंशी. चौऱ्याऐंशी. संयोगिता गल्ल्यामागून उठली, काय चाललंय ते बघितलं, आणि आमच्याकडं पाठ करून उगाच औषधाच्या बाटल्या लावायला लागली. शहाणी पोर. अठ्ठ्याहत्तर. शहात्तर. आठवा पट्टा निघाला, मग कोट काढला, बूट काढायला लावले. एकोणसत्तर पूर्णांक सहा. त्याच्या खाली आकडा गेला नाही. हे भिजलेल्या शर्टात उभे होते आणि तो शर्ट दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता.

"जूनमधी तालमीच्या काट्यावर एक्क्याऐंशी भरलो," हे हळूच म्हणाले. "त्या आधी नव्वद होतो. बाळासोला आण घातली. थोरल्या दादाचं असंच झालतं, बाई. आधी वजन उतरलं. दवाखान्यात न्हेला अन् तीन महिन्यांत आटोपला."

"आणि तुम्ही डॉक्टरकडं जायचं सोडून वाळू बांधून हिंडताय?"

"गेलो असतो तर डॉक्टरनं काढलं असतं कायतरी. मग पोरानं बोलावलं असतं व्हय? पोरगं पयल्यांदा म्हणालं, आबा, मी शिकवतो. मी त्याला शिकवाय गेलो तवा निस्ता मारला. मला जायाचं हाय. एकदा जाऊन येतो, मग काय निघायचं ते निघू दे."

मला भयंकर राग आला. तिकडं परक्या मुलखात गुडघा मोडून पडले असते, हेलिकॉप्टरनं उचलून आणलं असतं, आणि वर विम्याच्या फॉर्मवर 'नाही नाही' लिहिलेलं. हे सगळं मी बोलले, मोठ्यानं बोलले, दुकानात दोन गिऱ्हाइकं आली आणि तशीच परत गेली. बोलता बोलता रडायला लागले ते मला कळलंच नाही. संयोगितानं स्टूल आणून दिलं. मी बसले नाही, ह्यांना बसवलं.

तेवढ्यात हातातला मोबाइल वाजला. सम्राटच होता. फोटो का नाही आला म्हणून विचारायला. मी डोळे पुसून घसा साफ करत होते, तोवर ह्यांनी मोबाइल काढून घेतला.

"एकोणसत्तर. सहाशे ग्रॅम."

पलीकडून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग सम्राट म्हणाला, "आबा, मशीन बिघडलंय का तिथलं?"

"मशीन बरोबर हाय. बिघडलोय मी."

"म्हणजे काय? आई कुठाय? आबा, मी सगळं रद्द करतो, मी येतो तिकडं."

"तू आधी त्यो फॉर्म दुरुस्त कर. एकोणसत्तर लिव. जायाचं का न्हाय ते डॉक्टर सांगंल." आणि ह्या वेळी फोन माझ्याकडं दिला नाही. स्पीकर बंद केला आणि कानाला लावून तसेच बसून राहिले. पलीकडं पोरगं काय बोलत होतं ते मला ऐकू आलं नाही. हे फक्त "व्हय", "व्हय" म्हणत होते.

पट्टे संयोगिताच्या दुकानातच ठेवून आम्ही रिक्षा केली. आमचे डॉक्टर रविवारी दवाखाना बंद ठेवतात, पण वर राहतात. बेल वाजवली. त्यांनी ह्यांना झोपवून पोट दाबून बघितलं, डोळ्याची पापणी ओढून बघितली, मानेखाली चाचपलं. चेहऱ्यावरून काही कळू दिलं नाही. रक्ताच्या पाच-सहा तपासण्या लिहिल्या, पोटाचा एक फोटो लिहिला, उद्या सकाळी उपाशीपोटी या म्हणाले. साखर असू शकते, दुसरंही काही असू शकतं, आत्ताच काही सांगणार नाही म्हणाले. मग कागदावर पेन टेकवून विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?"

"एप्रिलपासनं असंल," हे म्हणाले. पहिल्या फटक्यात खरं बोलले.

"आणि बाई, तुमच्या कधी लक्षात आलं?"

आज दुपारी काट्यावर, असं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. कुणालाही पटलं असतं. संयोगितानं साक्षही दिली असती.

"नागपंचमीला," मी म्हणाले. "अंघोळीच्या वेळी पाठ चोळायला गेले तर बरगड्या हाताला लागल्या. थोरल्या दिरांचं सगळं मीच केलं होतं डॉक्टर. हाताला कळलं ते."

डॉक्टरांनी तारीख लिहून घेतली. ह्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत ह्यांना माझं काही पकडता आलं नव्हतं.

"मग इचारलं का न्हाईस?"

"तुम्ही खरं सांगितलं असतंत म्हणून," मी म्हणाले.